तीनशे बारा नंबरची पट्टी

१

लस घेतलेल्या मुलीला गोवर झाला, आणि तोही असा की आठ दिवस ती शुद्धीवर नव्हती.

मुलगी पाच वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी उभी म्हणून राहायची नाही. तीन महिन्यांपूर्वी तिच्या बालवाडीत लसीकरण झालं होतं. इंजेक्शनचं नव्हे, पट्टीचं. बोटाच्या पेराएवढी गोल पट्टी, पट्टीच्या खालच्या बाजूला शंभर सुया, इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना खरखरीत ठिपका दिसावा. सुया लसीच्याच घडवलेल्या. दंडावर ठेवून मधलं बटण दाबायचं, टक असा आवाज आला की पाच मिनिटं थांबायचं. सुया कातडीत साखरेसारख्या विरघळतात आणि हातात उरते ती गुळगुळीत चकती. रक्त नाही, दुखणं नाही, रडारड नाही.

या योजनेची मी तपासणी अधिकारी. नियमावली मीच लिहिलेली, म्हणून चौकशीला मलाच पाठवलं.

"साथ वाढतेय," साहेब म्हणाले. "सहाशे मुलांना आपण पट्टी लावली. पट्टीच फुसकी असेल तर सहाशेच्या सहाशे उघड्यावर पडली. शुक्रवारपर्यंत मला एवढंच सांगा, दोष पट्टीचा की माणसाचा."

रक्ततपासणी आली होती. भिंगरीच्या शरीरात लस पोचलीच नव्हती, असं प्रयोगशाळेनं स्वच्छ लिहिलं होतं. आणि केंद्राच्या रजिस्टरमध्ये तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पट्टी क्रमांक तीनशे बारा, दिली.

वीस वर्षांच्या चौकश्यांमध्ये मी एक गोष्ट शिकले होते. कोणी कबूल होत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि आपण त्या बोटांच्या मागे मागे फिरत राहतो. केंद्रावर पोचले तेव्हा त्याच तयारीनं पोचले.

पर्समधून वहीसुद्धा काढली नव्हती, तोवर डॉक्टर खुर्चीतून उठले.

"मॅडम, तुमचा वेळ घालवत नाही. चूक माझी आहे."

मी काही बोलणार, इतक्यात दारातून दुसरा आवाज आला. "डॉक्टर, तुम्ही गप्प बसा. चूक माझी आहे."

२

दुसरा आवाज स्टोअरकीपरचा होता. आभाळ कोसळलं तरी सावकाश चहा संपवून उठणारा माणूस, म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणायचे. आज मात्र तो चहा अर्धा टाकून आला होता.

"बाई, भिंतीला ओल आली होती," तो म्हणाला. "खोकी उचलून फळीवर ठेवायची. आज ठेवू, उद्या ठेवू करत आठवडा गेला. या पट्ट्यांना उन्हाचं काही नाही, पण ओल चालत नाही. सुया मऊ पडतात. हे मला माहीत होतं. माहीत असून मी ठेवली नाहीत."

"किती खोकी?"

"दोन. त्यातल्याच एकातली ती."

डॉक्टरांची कबुली वेगळी होती. पट्टी लावल्यावर महिन्यानं काही मुलांचं रक्त तपासायचं, लस लागू पडली का ते पाहायला. त्या यादीत भिंगरी होती.

"तिनं हात ओढून घेतला, पळाली. मी म्हटलं, जाऊ दे. पाच वर्षांचं पोर, कशाला टोचायचं? तिच्याऐवजी दुसऱ्या मुलाचं घेतलं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या दिवशी घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. दोन महिने हातात होते, मॅडम."

बालवाडीच्या बाईंना भेटायला मी त्यांच्या वर्गात गेले. ठेंगण्या खुर्च्या, फळ्यावर खडूचं बदक. बाई त्यातल्याच एका खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या.

"पाच मिनिटं थांबवायचं होतं," त्या म्हणाल्या. "सिस्टर आतल्या खोलीत पट्टी लावत होत्या, मुलं एकेक करून आत जायची आणि मग बाकावर येऊन बसायची. घड्याळ माझ्याकडे होतं. पण चाळीस मुलं बाहेर गोंधळ घालत होती हो. तीन मिनिटं झाली की मी म्हणायचे, चला, काढा. प्रत्येकाचं नाही, पण काहींचं. तिचं केलं की नाही तेही आठवत नाही. तेच तर खातंय मला."

"काढलेल्या पट्ट्या कोण गोळा करायचं?"

"मुलं परत आत जायची. सिस्टर काढून रजिस्टरमध्ये चिकटवायच्या."

सिस्टर शेवटी भेटल्या. पंचेचाळिशीच्या, कडक इस्त्रीच्या, हात सतत कशात तरी गुंतलेले. मी बोलत होते तेव्हा त्या कापसाचे बोळे वळत होत्या.

"मी बटण हलकं दाबलं असणार," त्या बोळ्यांकडेच पाहत म्हणाल्या. "दिवसभर दाबून दाबून अंगठा दुखायला लागतो. तिच्या वेळी टक आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. सुया वरवर राहिल्या असतील. माझंच चुकलं, मॅडम. लिहून घ्या."

बोलता बोलता त्यांचा फोन वाजला. खांदा आणि कान यांच्यामध्ये तो धरून त्या "हो, साडेचारला, हो" म्हणाल्या, खिशातलं पेन काढून डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला काहीतरी खरडलं आणि बाही खाली ओढली. मग पुन्हा बोळे.

दुपारी मी रुग्णालयात जाऊन आईला गाठलं. कपडे इस्त्री करण्याच्या कारखान्यात काम करणारी बाई, बोटांवर जुने चटके. लेकीच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. मूल झोपलं होतं. मी काही विचारायच्या आत तिनं माझा हात धरला.

"ताई, त्या दिवशी दंड कोरडा ठेवायचा होता. चिठ्ठीत लिहिलं होतं. ती मातीत लोळून आलेली, अंग तापलेलं. मी डोक्यावरून पाणी घातलं. साबण लावला. मीच धुऊन टाकलं हो औषध. मीच."

संध्याकाळी वहीत पाच कबुल्या होत्या. गुन्हा एक आणि गुन्हेगार पाच, आणि त्यातल्या एकालाही आपली शिक्षा दुसऱ्याला द्यायची नव्हती. नाहीतर एरवी एकाला कबूल करवताना नाकी नऊ येतात.

अडचण अशी होती की सगळेच खरे असू शकत नव्हते.

३

माझ्या नियमावलीतला एक नियम या वेळी कामाला आला. वापरलेली प्रत्येक पट्टी रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढे चिकटवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मी ते रजिस्टर आणि भिंग घेऊन खिडकीशी बसले. डॉक्टर समोर होते.

"डॉक्टर, सुया अर्ध्या राहिल्या तर कळतं?"

"लगेच कळतं. खुंट दिसतात. कापलेल्या शेतासारखे."

खुंट दिसणाऱ्या पट्ट्या होत्याच. काहींवर कडेला तीन-चार खुंट, एकीवर तर अकरा. बाईंनी कुणाला लवकर उठवलं होतं ते पट्टीच सांगत होती. तरीही त्यातल्या ज्या मुलांचं रक्त तपासलं होतं त्या सगळ्यांचे निकाल उत्तम होते. पट्टी आमच्यापेक्षा समंजस निघाली होती.

मग मी तीनशे बारा शोधली. एकदा पाहिली, भिंग पुसलं, पुन्हा पाहिली.

"तुम्ही बघा," मी डॉक्टरांकडे भिंग सरकवलं.

ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. "एकही नाही," ते म्हणाले. "गुळगुळीत आहे. शंभरच्या शंभर विरघळल्यात."

"म्हणजे सिस्टरनी हलकं दाबलं नव्हतं. हलकं दाबलं असतं तर सुया उरल्या असत्या. बाईंनीही लवकर उठवलं नव्हतं. सुया ओलीनं मऊ पडल्या असत्या तर त्या वाकल्या असत्या, कातडीत शिरल्याच नसत्या. थंडोबा सुटला."

"आणि आई?"

"ही पट्टी पाच मिनिटांत आपलं काम संपवते. संध्याकाळच्या आंघोळीला धुवायला उरतं काय? तो कोरड्या दंडाचा नियम नुसता पुरळ येऊ नये म्हणून आहे." मी पेन खाली ठेवलं. "तुमची चूक खरी आहे, डॉक्टर. पण तुम्ही रक्त घेतलं असतंत तर दोष सापडला असता. तुमच्यामुळे तो झाला नाही."

डॉक्टरांचा चेहरा हलका व्हायला हवा होता. तो आणखी पडला. कारण जे माझ्या डोक्यात आलं तेच त्यांच्याही आलं होतं.

लस भरलेल्या शंभर सुया कातडीत पूर्ण विरघळल्या होत्या. आणि मुलीच्या अंगात लसीचा थेंब नव्हता.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मग त्या विरघळल्या कुणाच्या कातडीत?"

४

"कशावरून कातडीतच?" मी विचारलं. "कोणी पाण्यात बुडवली असेल."

"पाण्यात बुडवली तर कडेचा डिंक पांढरा पडतो. हा बघा, स्वच्छ आहे."

डिंक स्वच्छ होता खरा, पण अगदी नाही. चकतीच्या कडेनं जो चिकट गोल असतो, त्यावर निळसर रेघा होत्या. आधी मला तो कपड्याचा धागा वाटला. सुईच्या टोकानं उचलायला गेले तर उचलेना. शाई होती ती. तीन वळसे. अक्षरं असावीत तर ओळखू येईनात.

मी पर्समधला आरसा काढला.

आरशात ते आकडे सरळ झाले. एकशे दोन.

पट्टी ज्या कातडीवर बसली होती तिच्यावर कुणीतरी पेनानं आकडा लिहिला होता, आणि पट्टी उपटताना तो उलटा होऊन डिंकावर आला होता. पाच वर्षांच्या मुलीच्या दंडावर एकशे दोन कोण कशाला लिहील?

"एकशे दोन म्हणजे काय असेल? अनुक्रमांक?" डॉक्टर म्हणाले.

"तिचा अनुक्रमांक तीनशे बारा. त्या दिवशी आतल्या खोलीत दुसरे कसले आकडे होते?"

त्यांनी रजिस्टरच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. नाव, वय, वजन, ताप. ते बोट तापावर थांबलं. भिंगरीच्या नावापुढे अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार लिहिलं होतं.

"ताप असलेल्या मुलाला त्या दिवशी लस द्यायची नाही," ते नियम पाठ म्हटल्यासारखे बोलले. "परत बोलवायचं."

मला आईचं वाक्य आठवलं. अंग तापलेलं. मातीत खेळून नव्हतं तापलं ते.

अंगाचा नेहमीचा आकडा कोणी हातावर टिपून ठेवत नाही. लक्षात राहावा असा असेल तरच टिपतो. आणि हात गुंतलेले असले की कागद शोधण्यापेक्षा मनगट जवळचं, अशी सवय असलेली एकच व्यक्ती मी या केंद्रात पाहिली होती. खोलीत पट्ट्यांची पाकिटं हाताळणारीही तीच एक.

मी रजिस्टर उचललं आणि सिस्टरच्या खोलीकडे गेले. त्या नव्हत्या. टेबलावर कापसाचे बोळे होते, आणि त्यांच्याखाली दाबून ठेवलेला, घडी न घातलेला राजीनामा.

५

त्या मागच्या नळाशी सापडल्या. बाह्या कोपरापर्यंत सारून हात घासत होत्या. मी नळ बंद केला.

"सिस्टर, तीनशे बारा तुमच्या मनगटावर लागली होती."

त्यांनी नकार दिला नाही. ओले हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

"पाकिटं दहा-दहा आधीच फोडून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "मुलं वळवळतात, वेळ जातो. ती आली, दंड पुसायला धरला तर चटका बसला. थर्मामीटर लावला. एकशे दोन. मनगटावर लिहिलं, तिला बाहेर पाठवलं. आणि मग पाहिलं तर तिचं पाकीट उघडं. तिच्या नंबरची पट्टी दुसऱ्या कुणाला लावता येत नाही."

"मग वाया लिहायची होती."

"त्या महिन्यात दोन वाया गेल्या होत्या. एक पोरीनं उपटली, एक खाली पडली." त्या खोलीत परत गेल्या, मी मागोमाग. त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथं आमची नियमावली चिकटवली होती. "सातवा नियम वाचा, मॅडम."

मला वाचायची गरज नव्हती. तरी मी वाचला. एका महिन्यात तीन पट्ट्या वाया गेल्यास केंद्राचा पुरवठा थांबवण्यात येईल व संबंधित परिचारिकेचा खुलासा मागवण्यात येईल.

"दारात चाळीस मुलं उभी होती. साथ सुरू व्हायची चिन्हं होती. एकीपायी चाळिसांची लस जाणार. मी म्हटलं, हिला पुढच्या आठवड्यात गाठून साधं इंजेक्शन देऊ. बाहीखाली पट्टी दाबली, वेळ भरल्यावर काढली, रजिस्टरला चिकटवली. ताप अठ्ठ्याण्णव लिहिला. कार्डावर 'दिली' लिहिलं."

"आणि पुढच्या आठवड्यात?"

"बालवाडीत दिलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, म्हणून गेले होते घरी. कुलूप होतं. आई कामावर. परत जाऊ म्हटलं. मग दुसऱ्या बालवाडीचं काम निघालं. मग..." त्या खुर्चीत बसल्या. "रोज तेच रजिस्टर उघडायचे ना. रोज 'दिली' दिसायचं. आपणच लिहिलेलं खोटं, पण शंभरदा वाचलं की आपल्यालाच खरं वाटायला लागतं. ती ॲडमिट झाली त्या दिवशी एकदम आठवलं. तेव्हापासून जेवण जात नाही."

"मग मला हलकं दाबल्याचं का सांगितलंत?"

"काहीतरी कबूल केल्याशिवाय राहवेना. खरं कबूल करायची छाती होईना."

एवढं सगळं सांगून त्यांनी सातव्या नियमाबद्दल मला एका शब्दानं दोष दिला नाही. नियमावलीच्या खाली सही होती. माझी. सिस्टरना ती वाचता येत होती.

तो नियम मी लिहिला त्या दिवसाची बैठक मला लख्ख आठवली. पट्ट्या बेपर्वाईनं वाया जात होत्या, मी वैतागले होते. कोपऱ्यातल्या एका वयस्क परिचारिकेनं हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, खरंच कारण असलं तर?" आणि मी म्हणाले होते, "कारणं सगळ्यांकडेच असतात." लोक हसले होते. मीही हसले होते.

मी साहेबांना फोन केला. पट्टी चांगली आहे, हे आधी सांगितलं. सगळं रजिस्टर तपासलं, असा दुसरा प्रकार नाही, हेही.

"सुटलो!" ते म्हणाले. "सिस्टरचं नाव लिहा आणि या परत. सही-शिक्का करून टाकू."

"अजून एक नाव लिहायचंय, साहेब."

"कुणाचं?"

सांगितलं. मग ते म्हणाले, "नियम सगळ्यांनी मंजूर केला होता. उगाच अंगावर ओढून घेऊ नका. झोप येत नसेल तर रजा घ्या." 

मी फोन ठेवला आणि अहवालात दोन्ही नावं लिहिली. सिस्टरचं वर, कारण हात त्यांचा होता. माझं त्याखाली. लिहून झालं तरी छातीवरचा दगड जागचा हलला नाही. तेव्हा कळलं की अहवाल ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांचं आम्ही काही बिघडवलं नव्हतं.

"चला, सिस्टर," मी म्हणाले. "रुग्णालयात जाऊ."

६

आई वॉर्डाच्या दाराशीच भेटली. मी तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. ताप, उघडं पाकीट, मनगट, सातवा नियम आणि त्याखालची सही. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

शेवटी विचारलं, "म्हणजे आंघोळीनं नाही?"

"नाही. आंघोळीचा काही संबंध नव्हता."

"नक्की?"

"नक्की."

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं चटके पडलेल्या बोटांनी पदर घट्ट पिळला आणि सिस्टरकडे पाहिलं.

"बाई, माझ्या घराला कुलूप होतं. पण शेजारणीकडे निरोप ठेवायला काय झालं होतं? एक चिठ्ठी सारायला काय झालं होतं? पोटचं पोर आठ दिवस डोळे उघडत नव्हतं आणि मी स्वतःला शिव्या घालत होते. मला माफी नका मागू. मी देणार नाही."

"मागत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मग तिला सांगा. ज्याचं नुकसान केलं त्याला सांगायचं असतं."

"ती पाच वर्षांची आहे," मी म्हणाले.

"तिला समजतं सगळं. तुम्ही तिला विचारलंत तरी का काही?"

विचारलं नव्हतं. पाच माणसांच्या पाच कबुल्या मी पानंच्या पानं लिहून घेतल्या होत्या. त्या खोलीत त्या वेळी सिस्टरखेरीज एकच माणूस हजर होतं, आणि मी त्या पलंगाशेजारी बसून ते झोपलंय म्हणून निघून आले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

भिंगरी उशीला टेकून बसली होती. उभं राहिलं की तोल जायचा, म्हणून तिला बसवूनच ठेवत होते. आमच्याकडे तिनं टकामका पाहिलं.

"भिंगरी, बालवाडीत पट्टी लावायला तू आत गेली होतीस ना?" मी जरा जवळ वाकून विचारलं.

"मला नाही लावली," ती लगेच म्हणाली. "मी हात पुढे केला होता. सिस्टर म्हणाल्या, झालं, जा."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"आईनं विचारलं, दुखलं का. नाही दुखलं."

आईनं तोंड फिरवलं. सिस्टर पलंगाच्या उजव्या बाजूला गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि अगदी खालच्या आवाजात बोलल्या. तुला ताप होता म्हणून लावली नाही. मी खोटं लिहिलं. तुझं औषध मी मला लावून घेतलं. परत येऊन द्यायचं होतं, ते मी दिलं नाही. म्हणून तू आजारी पडलीस.

पोरगी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवून दुसरा कान पुढे केला.

"तिथून नाही ऐकू येत," ती म्हणाली. "तो कान गेला. या बाजूनं सांगा."

आई माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "कालच कळलं."

सिस्टर उठल्या. पलंगाला वळसा घालून डावीकडे आल्या, पुन्हा गुडघ्यांवर बसल्या आणि ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं. शेजारच्या पलंगांवरच्या आया वळून पाहू लागल्या, डबा उघडणारा एक बाप हात थांबवून ऐकू लागला. सिस्टर थांबल्या नाहीत. खोटं लिहिलं, या शब्दांवर त्यांचा आवाज फुटला, तर त्यांनी तेवढे शब्द परत म्हटले.

मग त्या उठल्या, आणि ती जागा रिकामी झाली.

मी तिथं बसले.